बाळ अंगावर पितंय, तरी दुधाचा त्रास? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरातून आणि बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून आया-आज्या पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथं एकत्र केलं आहे. गाई-म्हशीच्या दुधाचा खरा त्रास असलेली बाळं थोडी असतात. नुसत्या संशयावरून दूध-दही सोडून बसलेल्या आया मात्र पुष्कळ. म्हणून काय बंद करायचं याबरोबरच कधी बंद करू नये आणि बंद केलेलं परत कधी सुरू करायचं, हेही लिहिलं आहे. बाळाला तपासणारे डॉक्टर यापेक्षा वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका. त्यांनी बाळ पाहिलेलं असतं.

१. बाळ फक्त माझ्या अंगावर पितं. वरचं दूध एक थेंबही दिलं नाही. मग गाईच्या दुधाचा त्रास होईलच कसा?

तुम्ही चहा, दही, ताक, पनीर घेता त्यातली प्रथिनं पचतात, पण अगदी थोडा अंश तसाच रक्तात उतरतो आणि तिथून अंगावरच्या दुधात येतो. केसीन आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन ही त्यातली मुख्य दोन. हे बहुतेक आयांच्या बाबतीत होतं आणि बहुतेक बाळांना त्याचं काहीही वाटत नाही. मोजक्या बाळांचं शरीर मात्र या प्रथिनांना शत्रू समजतं. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांत हे प्रमाण साधारण दोनशेत एक इतकं धरतात. तुमच्या दुधात दोष आहे, असा याचा अर्थ होत नाही.

२. म्हणजे लॅक्टोजचा त्रास ना? मला स्वतःला दूध पचत नाही, तेच बाळाला आलं असेल का?

नाही. लॅक्टोज ही दुधातली साखर आहे आणि ती प्रत्येक आईच्या दुधात असते, १०० मिलिलिटरला जवळपास ७ ग्रॅम. तुम्ही दूध प्या अगर नका पिऊ, ती तेवढीच राहते. जन्मतःच लॅक्टोज न पचणारं बाळ अत्यंत दुर्मिळ. मोठ्या माणसांना दूध प्यायल्यावर गॅस होतो तो वयानुसार येणारा प्रकार आहे. त्याचा तान्ह्या बाळाशी संबंध नाही. जोराचे जुलाब होऊन गेल्यावर काही दिवस बाळाला लॅक्टोज जड जातं, तेव्हाही अंगावर पाजणं चालूच ठेवायचं असतं.

इथं आपण बोलतोय ते प्रथिनांच्या ॲलर्जीबद्दल. बोलीत सगळ्यालाच ‘दूध पचत नाही’ म्हणतात. त्यामुळे मेडिकलमधून लॅक्टेजचे, म्हणजे लॅक्टोज पचवायला मदत करणारे, थेंब आणले जातात आणि या त्रासात ते कामाला येत नाहीत.

३. मग ओळखायचं कशावरून?

एका लक्षणावरून ओळखता येत नाही. बहुधा पहिल्या काही आठवड्यांत ते तीन-चार महिन्यांत यातलं एकापेक्षा जास्त काही दिसतं: शीत शेंबडासारखी आव आणि रक्ताचे धागे, पाजल्यावर वारंवार ओकारी आणि त्याबरोबर तळमळ, अंगावर मलम लावूनही न हटणारे, खाजणारे, खरबरीत चट्टे, दिवसरात्र कधीही, पाजतानासुद्धा पाठ ताणून रडणं, वजन न वाढणं. घरात आई-वडिलांना किंवा भावंडांना दमा, ॲलर्जी, त्वचेचा इसब असेल तर संशयाला थोडं बळ येतं.

बाळ हसतंय, वजन वाढतंय आणि फक्त दूध टाकतंय, तर ती गुळणी आहे. तिला औषध लागत नाही आणि आईला पथ्यही लागत नाही.

४. शी हिरवी होते, फेसाळ होते, दिवसातून आठ-दहा वेळा होते. दूध बाधतंय ना?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. अंगावर पिणारं बाळ दिवसातून दहादा शी करेल किंवा महिना-दीड महिना उलटल्यावर आठवड्यातून एकदाच करेल. मऊ असेल तर दोन्ही ठीक. पिवळी, पातळ, दाणेदार, मधूनच हिरवी, हे सगळं चालतं. दूध भरपूर येत असेल आणि बाळाला दर पाच मिनिटांनी बाजू बदलून पाजत असाल, तर हिरवी फेसाळ शी होऊ शकते. एका बाजूला निवांत पिऊ द्या, सोडल्यावर दुसरी बाजू द्या.

५. रोज दिवेलागणीला सुरू होतं ते रात्री दहापर्यंत रडतं. आजी म्हणतात, दृष्ट लागली. शेजारीण म्हणते, दूध सोड.

ठरावीक वेळी रडणारं, बाकी दिवसभर मजेत असणारं, वजन वाढणारं बाळ असेल तर हा बहुधा पोटशूळ. तो साधारण सहाव्या आठवड्याला कळसाला जातो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. मीठ-मोहऱ्या ओवाळल्यानं कुणाचं नुकसान होत नाही, आजींचं समाधान होऊ द्या. ग्राइप वॉटर, घुटी आणि मध मात्र नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. रडण्याबरोबर प्रश्न ३ मधलं दुसरं काही असेल तरच दुधाचा विचार करायचा.

६. शीत रक्त दिसलं. आज लगेच दूध बंद करू का?

आधी बाळाला दाखवा. लंगोट धुऊ नका, तसाच न्या किंवा फोटो काढा. रक्ताची कारणं अनेक असतात: शीच्या जागी चीर, तुमच्या स्तनाग्राला भेगा असतील तर तुमचंच गिळलेलं रक्त, जंतुसंसर्ग, जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन राहून गेलेलं असणं. घरी बाळंतपण झालं असेल किंवा इंजेक्शनची नोंद सापडत नसेल तर हे शेवटचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बाळ खेळकर आहे, वाढतंय आणि कधीतरी एखादा धागा दिसतो, इतकंच असेल तर काही डॉक्टर आईचं काहीही बंद न करता थोडे दिवस थांबतात. पुष्कळदा ते रक्त आपोआप थांबतं.

पुढलं काही असेल तर मात्र वाट पाहू नका: हिरवी उलटी, दर वेळी कारंज्यासारखी लांब उडणारी उलटी, फुगलेलं कडक पोट, जेलीसारखी लाल शी, भरपूर रक्त, बाळ मलूल होऊन प्यायचं थांबणं, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप. १०८ ला फोन करा किंवा सरळ सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, नाहीतर जवळचं बालरुग्णालय गाठा.

७. लॅबमध्ये कोणती तपासणी केली की नक्की कळेल?

शीत रक्त-आव येणाऱ्या, सावकाश त्रास देणाऱ्या प्रकाराला खात्रीची तपासणी नाही. शीतली साखर तपासून ‘रिड्यूसिंग शुगर पॉझिटिव्ह’ असा कागद हातात येतो आणि घर हादरतं. अंगावर पिणाऱ्या ठणठणीत बाळाचीही ती पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि शी थोडी आम्लधर्मी असणंही नेहमीचंच. रक्तातली ॲलर्जीची तपासणी झटपट उठणाऱ्या प्रकारात उपयोगी पडते (प्रश्न १८). बाकीच्यांसाठी खरी तपासणी आईच्या ताटात होते: काही आठवडे बंद, मग परत सुरू. ती कशी करायची ते प्रश्न ८ आणि ९ मध्ये.

८. डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितलं. नेमकं काय काय आणि किती दिवस?

दूध, चहातलं दूध, दही, ताक, लोणी, साय, पनीर, चीज, खवा, पेढा, श्रीखंड, बासुंदी, आइस्क्रीम. विरजण लावलं किंवा तासभर उकळलं तरी त्रास देणारी प्रथिनं पुरेशी नाहीशी होत नाहीत, त्यामुळे ‘फक्त ताक’ हेही दूधच. तुपासाठी प्रश्न ११ पाहा.

मुदत दोन ते चार आठवडे. काही बाळांत तीन-चार दिवसांत फरक पडतो, रक्त थांबायला आणखी वेळ लागू शकतो, चट्ट्यांना सगळ्यात जास्त. या काळात अर्धवट पथ्य म्हणजे फुकट गेलेले आठवडे. सकाळचा एक कप चहा सुरू ठेवून बाकी सगळं बंद केलं, तर महिन्याअखेर काहीच कळत नाही. रोज दोन ओळी लिहून ठेवा: शी कशी, ओकारी किती, रडणं केव्हा.

९. बंद केल्यावर बाळ छान आहे. आता परत दूध घेऊन बघा म्हणतात. नको वाटतं. गरज आहे का?

आहे, आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते. दूध बंद केलं त्याच आठवड्यांत बाळ महिन्यानं मोठं झालं, पोटशूळ ओसरायची वेळ आली, चीर भरली, तुमची भेग बरी झाली. यातल्या कशानंही फरक पडलेला असू शकतो. परत घेऊन पाहिल्याशिवाय श्रेय दुधाला देता येत नाही, आणि मग एक धडधाकट बाई वर्षभर कोरड्या भाकरीवर राहते, बाळाच्या फाइलवर ‘ॲलर्जी’ चिकटून बसते.

करायचं असं: बाळाला सर्दी-ताप नसेल, त्या आठवड्यात लस नसेल, प्रवास नसेल असा काळ निवडा. पहिल्या दिवशी एखादा कप दूध किंवा वाटीभर दही घ्या, आणि आठवडाभरात रोज थोडं वाढवत पूर्वीच्या खाण्यावर या. त्रास असेल तर तो काही तासांत ते दोन-तीन दिवसांत परत उठतो, क्वचित आठवडा लागतो. उठला की थांबा. काही दिवसांत शांत होईल आणि निदान पक्कं झालं. आठवडाभर काहीच झालं नाही तर दूध निर्दोष. त्या रात्री खुशाल दहीभात खा.

अपवाद: पूर्वी अंगावर झटपट गांध्या, सूज, धाप असं काही झालं असेल, किंवा उलट्यांनी बाळ पांढरंफटक होऊन गळून गेलं असेल, तर हा प्रयोग घरी नाही, डॉक्टरांसमोरच.

१०. गाईचं नको तर म्हशीचं चालेल ना? शेळीचं? देशी गाईचं ए-टू?

पंढरपुरी म्हैस तलवारीसारख्या शिंगांसाठी आणि दुधासाठी आपल्या जिल्ह्याचं भूषण, पण इथं तिचा उपयोग नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या दुधातली प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती की ज्या बाळाला गाईचं सोसत नाही, त्याला बहुधा बाकीचीही सोसत नाहीत. खिल्लार किंवा देशी गाईच्या ए-टू दुधाचंही तेच. ए-वन, ए-टू हा फरक केसीनच्या एका प्रकारातला आहे. बाकी प्रथिनं तिथंच असतात. म्हशीचं दूधही मुळात ए-टूच असतं, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही.

दारावर गाढवीण घेऊन येणाऱ्यांकडचं चमचाभर कच्चं दूध बाळाला पाजू नका. त्यातली प्रथिनं थोडी वेगळी असतात हे खरं, पण कच्च्या दुधातून जंतू जातात, आणि सहा महिन्यांच्या आत अंगावरच्या दुधाशिवाय काहीच लागत नाही.

११. बाळंतिणीचं तूप बंद? सासूबाई ऐकायच्या नाहीत.

तूप जवळजवळ निव्वळ स्निग्धच, पण घरी कढवलेल्या तुपात बेरीचे कण आणि त्याबरोबर थोडी प्रथिनं राहतात. म्हणून तपासणीच्या दोन-चार आठवड्यांपुरतं तेही बाजूला ठेवा. मुदत ठरलेली आहे हे सांगितलं की सासूबाई बऱ्याचदा ऐकतात. ‘कायमचं बंद’ म्हटलं की भांडण. निदान पक्कं झाल्यावर तूप चालतं का, ते डॉक्टरांना विचारून वेगळं पाहता येतं. तोवर भाकरीवर शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल घ्या. अळिवाचे लाडू नारळ-गुळात होतात, तिथं दुधाची गरजच नसते.

१२. दूध नाही तर मी खाऊ काय? कॅल्शियमचं काय?

सोलापुरी स्वयंपाकाला दुधावाचून फारसं अडत नाही. ज्वारीची भाकरी, कडक भाकरी, शेंगाचटणी, शेंगाची आमटी, पालेभाज्या, उसळी, यात दूध कुठंच नाही. फक्त शेंगाचटणी दह्यात कालवायची सवय मोडा, ती तेलात घ्या. धपाट्याचं पीठ काही घरांत ताकात मळतात, तेही विचारून घ्या.

भाकरी-चटणीनं पोट भरतं, शेंगदाण्यातून प्रथिनंही मिळतात, पण ज्वारीत कॅल्शियम अगदी थोडं. ते येतं नाचणीतून (१०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम), तिळातून (१०० ग्रॅमला हजाराच्या वर), शेवग्याच्या आणि राजगिऱ्याच्या पाल्यातून, काट्यासकट खायच्या बारीक मासळीतून. भाकरीवर तीळ थापायला संक्रांतीची वाट पाहू नका. पाजणाऱ्या आईला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम लागतं, आणि एवढं खाण्यातून रोज जमणं कठीण. सरकारी दवाखान्यात बाळंतपणानंतर सहा महिने कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, रोज दोन, प्रत्येकी ५०० मिलिग्रॅमच्या. त्या जेवणाबरोबर घ्या, पण लोहाच्या गोळीबरोबर नाही. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा.

याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे व्हिटॅमिन बी-१२. ज्या घरी अंडं-मांस शिवत नाहीत, तिथं बी-१२ मिळण्याची वाट म्हणजे दूध-दही. तेच सोडलं आणि आईचा साठा आधीच कमी असला, तर अंगावर पिणाऱ्या बाळालाही ते कमी पडतं, आणि त्याचा परिणाम रक्तावर आणि मेंदूच्या वाढीवर होतो. शाकाहारी आईनं दूध सोडण्याआधी बी-१२ बद्दल डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. दूध सोडायला सांगणाऱ्यानं गोळीही लिहून द्यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

१३. बाहेरच्या कोणत्या खाण्यात दूध लपलेलं असतं?

बिस्किटं, खारी, टोस्ट, ब्रेड, चॉकलेट, सूपची पाकिटं, प्रोटीन पावडरी, आणि गंमत म्हणजे दूध वाढवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या काही पावडरीसुद्धा. पाकिटावर मिल्क सॉलिड्स, दूध पावडर, व्हे, केसीन हे शब्द शोधा. ॲलर्जी देणारे घटक वेगळे छापणं देशात बंधनकारक आहे, त्यामुळे ‘यात दूध आहे’ अशी ओळ सापडते. सुट्ट्या मालावर ती नसते. बेकरीत विचारा, उत्तर घुटमळत आलं तर सोडून द्या. लग्नाच्या पंगतीत मसालेभातावरचं तूप आणि पनीरची रस्साभाजी हमखास चकवतात.

१४. दूध प्यायलं नाही तर अंगावरचं दूध आटेल ना?

गाय दूध पीत नाही, तरी देते. बाळ जितकं ओढेल तितकं दूध येतं. तुम्हाला जास्तीचं जेवण आणि तहान भागेल इतकं पाणी लागतं, ते कशाचंही असो.

१५. एकानं सांगितलं, अंगावरचं बंद करा आणि डब्याची पावडर द्या.

साधी पावडर गाईच्या दुधाचीच असते. त्यात तीच प्रथिनं, आणि अंगावरच्या दुधातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त. या ॲलर्जीसाठी प्रथिनं बारीक तोडलेली किंवा अमिनो आम्लांची खास पावडर वेगळी मिळते; ती महाग असते आणि अंगावर पाजणं शक्यच नसेल किंवा वजन घसरत असेल तेव्हा डॉक्टर लिहून देतात. बाकी वेळी आईचं पथ्य पुरतं. असा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांना विचारायला संकोच करू नका.

१६. मी सोया दूध घेऊ का?

बहुतेकींना चालतं. दुधाची ॲलर्जी असलेल्या काही बाळांना सोयाही बाधतो, म्हणून पहिल्याच दिवशी दूध बंद करून सोया भरपूर सुरू केला तर गोंधळ होतो. चहापुरतं नारळाचं किंवा शेंगदाण्याचं दूध घ्या, नाहीतर कोरा चहा. सहा महिन्यांखालच्या बाळाला सोयाची पावडर देत नाहीत.

१७. चार आठवडे कडक पाळलं, फरक शून्य. आता गहू, अंडी, शेंगदाणे, डाळीही सोडू?

नका. आधी प्रश्न १३ प्रमाणे काही चुकून जात होतं का ते पाहा. नसेल तर दूध हे कारण नव्हतं असं समजून ते परत सुरू करा आणि डॉक्टरांकडे जा. एकेक पदार्थ सोडत गेलेली आई अशक्त होते आणि बाळाचं कारण मात्र सापडत नाही. पुढं काय सोडायचं ते डॉक्टर ठरवतील.

१८. आठव्या महिन्यात चमचाभर दही चाटवलं. दहा मिनिटांत तोंडाभोवती गांध्या आणि ओठ सुजले. अंगावर तर कधी काही झालं नव्हतं.

हा झटपट उठणारा प्रकार. अंगावरच्या दुधातून इतका थोडा अंश जातो की तो तेव्हा गप्प राहतो, आणि थेट दिल्यावर उघड होतो. बाळाला दूध-दही परत देऊन पाहू नका, डॉक्टरांना दाखवा. इथं रक्ताची तपासणी उपयोगी. आवाज बसला, धाप लागली, बाळ ढिलं पडलं तर १०८. मात्र तुम्ही दूध घेताना बाळाला अंगावर कधीच त्रास झाला नसेल, तर तुम्हाला सोडावं लागेलच असं नाही.

१९. चट्ट्यांना साय चोळतो, दूध-बेसन लावतो. ते तर पोटात जात नाही.

तरी नको. फुटलेल्या, कोरड्या त्वचेतून प्रथिनं आत शिरतात आणि ॲलर्जी वाढू शकते. डॉक्टरांनी दिलेलं साधं, वास नसलेलं मलम लावा.

२०. उष्टावणाला खीर लागतेच. काय करायचं?

नारळाच्या दुधात तांदळाची किंवा नाचणीची खीर करा. भटजींचीही हरकत नसते. वर्षाच्या आत साखर-गूळ न घातलेला बरा. सहा महिन्यांनंतर मऊ भात, वरण, नाचणी, भाज्या, फळं नेहमीसारखीच, तुपाऐवजी तेल. डब्यातल्या तयार खाण्यात बऱ्याचदा दूध पावडर असते, ते वाचून घ्या. अंडं आणि कुटलेल्या शेंगदाण्याची पातळ पेस्ट भीतीपोटी लांबवू नका. पण बाळाला तीव्र इसब किंवा प्रश्न १८ चा प्रकार असेल तर आधी विचारा. अख्खा शेंगदाणा मात्र कधीच नाही, घशात अडकतो.

२१. हे जन्मभराचं आहे का?

सहसा नाही. बहुतेक बाळांचा त्रास एक ते तीन वर्षांच्या दरम्यान मिटतो. नुसत्या रक्त-आवेचा प्रकार लवकर, झटपट उठणारा सावकाश. साधारण नऊ महिने ते वर्षाच्या सुमारास, किमान सहा महिने पथ्य झाल्यावर, परत देऊन पाहतात. सुरुवात भाजलेल्या पदार्थापासून, म्हणजे दूध घातलेल्या बिस्किटाच्या तुकड्यानं, मग हळूहळू दही, शेवटी दूध. प्रश्न १८ मधल्या बाळांनी हे डॉक्टरांशिवाय करायचं नाही.

२२. पहिल्या मुलीला होतं. आता परत दिवस गेलेत, आतापासूनच दूध सोडू का?

नको. गरोदरपणात दूध सोडल्यानं पुढच्या बाळाची ॲलर्जी टळत नाही, तुमचं कॅल्शियम मात्र कमी पडतं. बाळ झाल्यावरही लक्षण दिसेपर्यंत सगळं खा.

२३. माझ्या थायरॉइडच्या गोळीत लॅक्टोज आहे असं पाकिटावर वाचलं. बंद करू?

अजिबात नाही. ती साखर आहे, प्रथिन नव्हे (प्रश्न २), आणि तीही चिमूटभरच. प्रोबायोटिकच्या पुड्या मात्र कधी कधी दुधावर वाढवलेल्या असतात, त्या घेण्याआधी मेडिकलवाल्याला पाकीट वाचून दाखवायला सांगा. बाळाच्या लसीही ठरलेल्या तारखेला सगळ्या द्यायच्या. कुठल्या लसीनंतर कधी त्रास झाला असेल तर तेवढं टोचण्याआधी नर्सताईंना सांगा.